घरी पडलेली माणसं

"कुठे पडले?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"घरी," मास्तरीण म्हणाली. "जिन्यावरून."

तिची पापणीसुद्धा लवली नाही. पाचवीचा गणिताचा तास अर्धा टाकून ती धावत आली होती. बोटांना अजून खडू होता, धाप लागली होती, पण कुणी वय विचारावं आणि सांगून टाकावं तसं हे वाक्य तिच्या तोंडून सरळ बाहेर पडलं. डॉक्टरबाईंनी ते केसपेपरवर लिहिलं. खाली नातेवाइकाच्या रकान्यात तिने सही केली. सकाळचे सव्वाअकरा झाले होते.

वाक्य तिचं नव्हतं. ते ट्रक भरायच्या यार्डाचं होतं. तिचे बाबा तिथे तीस वर्षं माल चढवत होते, काका बावीस वर्षं. यार्डात कुणी कधी पडत नसे. सगळे घरी पडत. कुणाचं बोट दारात चेंगरे, ते घरच्या दारात. कुणाची कंबर धरे, ती घरचं कपाट सरकवताना. पायावर पिंप पडून अंगठा गेलेला एक जण तर वर्षभर सांगत फिरत होता की शिलाई मशीन पडलं. त्याच्या घरी मशीन सोडा, धड सुई नव्हती.

कारण साधं होतं. यार्डात माणूस जखमी झाला की चौकशीसाठी माल चढवायचा तो फलाट बंद होई, आणि त्या टोळीची पाळी पंधरा दिवस जाई. जखमी माणसाच्या नावापुढे 'कामास अयोग्य' असा शिक्का बसे, आणि शिक्का बसलेला माणूस फाटकातून पुन्हा आत आलेला कुणी पाहिला नव्हता. फाटकाशीच पाटी होती, अपघाताविना किती दिवस गेले त्याची. आकडा रोज सकाळी एकाने वाढे. हजारावा दिवस उजाडला तेव्हा मालकाने सगळ्यांना एकेक छत्री वाटली. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या दिवशी पट्टीने एकमेकांना बांधलेली होती. छत्री त्यांनी डाव्या हाताने घेतली.

आणि मास्तरीण या सगळ्यांची लेखनिक. नात्यागोत्यात आणि टोळीत मिळून शिकलेली ती एकटीच, म्हणून दवाखान्यात तोंड उघडायचं ते तिने, हे ती सतरा वर्षांची असल्यापासून ठरून गेलेलं. पुढे ती शाळेत लागली आणि घरीदारी मास्तरीणच झाली. बाबासुद्धा तिला त्याच नावाने हाक मारत. एका महिन्यात टोळीतले चार जण न्हाणीघरात घसरले, तेव्हा तिनेच मुकादमांना बजावलं होतं, "आता न्हाणीघर पुरे. पुढच्याला आपण सायकलवरून पाडू." मुकादम पोट धरून हसले होते. तिलाही हसू आलं होतं. कुणाला कधी कुठून पाडलं याची तिच्या डोक्यात पक्की नोंद असे. जिन्यावरून बरेच दिवस कुणी पडलं नव्हतं. म्हणून आज जिना.

बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. दोन्ही मांड्या सुजून खांबासारख्या झाल्या होत्या. नर्सने पॅन्ट कात्रीने उभी चिरली होती.

"आईला सांगू नकोस हं," ते म्हणाले. "नवी होती. मी फाडली असती तर तिने घरात घेतलं नसतं. नर्सबाईंनी फाडली, आता कुणाला बोलेल?"

"दुखतंय का?"

"छे. मुंग्या आल्यात नुसत्या. मांडीत वारूळ फुटलंय म्हण ना."

एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, मुका मार आहे, सूज उतरेपर्यंत दोन दिवस राहू द्या. दुखण्याचं इंजेक्शन दिलं. बाबा काकाकडे बघून म्हणाले, "ऐकलंस? हाडं शाबूत. तीस वर्षं लोकांचं ओझं वाहिलंय यांनी, अशी कशी मोडतील!"

काका दाराशी उभा होता. एरवी दादाने, म्हणजे बाबांनी, एक विनोद केला की त्याच्यावर दुसरा चढवणारा माणूस, आज फक्त मान हलवत होता. त्याच्या दहाही बोटांची टोकं सोलवटली होती, नखांखाली रक्त सुकलं होतं. मास्तरणीने ते पाहिलं, आणि तिच्या मनात एवढंच आलं की याला टिंक्चर लावायला हवं.

बाहेर आल्यावर तिने हळूच विचारलं, "काय पडलं?"

"फरशीच्या पेट्या. चार-दोन."

"मग?"

"मग काय? काढल्या लगेच."

दुपारी मुकादम बिस्किटांचा पुडा घेऊन आले. खाटेजवळ बसले, बाबांच्या खांद्यावर थाप मारली. "काय हो, जिना कसला आहे तुमचा? दुरुस्त करून घ्या जरा."

"मालक घेतील करून," बाबा म्हणाले. दोघेही हसले. हसता हसता बाबांना उलटी झाली.

दोनच्या सुमारास आई पोचली. तिने आल्याआल्या बाबांच्या कपाळाला हात लावला आणि ती पायांशी बसली. थोड्या वेळाने नर्स लघवीचं भांडं घेऊन जाऊ लागली, आणि दारातच थबकून पुन्हा त्यात बघू लागली. आतलं पाणी काळपट होतं, उकळून उकळून आटलेल्या चहासारखं. जेमतेम चार चमचे.

डॉक्टरबाई आल्या. वयाने मास्तरणीपेक्षा लहान असतील. त्यांनी भांडं उजेडात धरलं, मांड्या दाबून पाहिल्या, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"नुसतं पडून असं होत नाही," त्या म्हणाल्या. "पायांवर काही वजन होतं का? खूप वेळ?"

"नाही बाई," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "घरी पडलो."

डॉक्टरबाईंनी आईकडे पाहिलं. "तुम्ही होतात घरी? किती पायऱ्या आहेत?"

आईने क्षणभरही विचार केला नाही. "दहा-बारा असतील. वळणावर कठडा नाही ना, तिथूनच गेले."

मास्तरीण आईकडे बघतच राहिली. त्यांचं घर दोन खोल्यांचं, बसकं. अंगणातून उचललेलं पाऊल थेट स्वयंपाकघरात पडे. उंबऱ्याखेरीज चढायला काही नव्हतं. आईला पायऱ्या कुणी शिकवल्या नव्हत्या. वळण तिचं तिनेच घातलं होतं, कठडाही तिनेच काढून टाकला होता.

डॉक्टरबाई मास्तरणीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझ्याकडे रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी येतो. मला शंका येतेय ती खरी असेल तर संध्याकाळपर्यंत थांबणं बरं नाही. मोठ्या इस्पितळात रक्त धुवायचं मशीन आहे, पण त्या खाटा मोजक्या. जिन्यावरून पडलेल्या, हाड न मोडलेल्या माणसाला ते खाट देणार नाहीत. वजनाखाली होते का, आणि किती वेळ, एवढं मला कुणी खरं सांगा. त्याच्यावर सगळं आहे."

"विचारते," मास्तरीण म्हणाली. कुणाला विचारते, ते ना तिने सांगितलं, ना त्यांनी विचारलं.

काका मागच्या नळावर हात धूत होता. पाणी वाहत होतं आणि तो बोटं नुसती धरून उभा होता.

"किती वेळ होते बाबा खाली?"

"सांगितलं ना, लगेच काढलं."

"लगेच म्हणजे किती?"

"पाच मिनिटं."

"काका, त्यांची लघवी काळी झालीय."

त्याने नळ बंद केला. "अर्धा तास असेल. घड्याळ कोण बघतंय?"

"फोर्कलिफ्ट आणायला पाच मिनिटं लागतात. अर्धा तास का लागला? फोर्कलिफ्ट आणली नाही?"

"फोर्कलिफ्टवाला कंपनीचा माणूस," काका म्हणाला. "तो आला की कागद आला. दादाच आतून बजावत होता, त्याला बोलावलंत तर गाठ माझ्याशी आहे. मी काय करणार होतो, पोरी?"

मग तो भिंतीला टेकून खाली बसला आणि सांगू लागला. थांबत नव्हता, जणू सकाळपासून तोंडात धरून ठेवलं होतं. ट्रक जवळजवळ भरला होता. मधोमध माणूस जाईल एवढी गल्ली ठेवली होती, दोरखंड आवळायला. दादा त्या गल्लीत पार टोकाला, केबिनच्या बाजूला गेला होता. एका थराखालची फळी कडकन मोडली आणि दोन्हीकडच्या पेट्या गल्लीत कोसळल्या. दादा मांड्यांपर्यंत गाडला गेला, वरचं अंग मोकळं. त्याच्यापर्यंत पोचायचं तर दारापासून एकेक पेटी बाहेर काढायला हवी. गल्लीत एका वेळी एकच माणूस मावे. एक पेटी तीस किलोची. आठ जण ओळीने उभे राहिले आणि हातोहात पेट्या बाहेर देऊ लागले, आवाज न करता, कारण पलीकडच्या फलाटावर मालकाचा माणूस होता.

"आणि बाबा?"

"तो आतून सांगत होता. ही नको, आधी ती उचल, ही काढलीस तर वरची येईल. आम्हाला शिव्या देत होता. म्हणाला, लग्नात जेवायला कसे पुढे असता, तसे हात चालवा. आम्ही हसत होतो गं. हसत हसत काढत होतो."

"काका. किती वेळ?"

त्याने सोललेल्या बोटांनी तोंड झाकून घेतलं. "आठच्या आधी पडलं. काढला तेव्हा साडेदहा होऊन गेले होते."

"हे डॉक्टरबाईंना सांग," मास्तरीण म्हणाली.

"मी? आठ घरं आहेत पोरी, माझं धरून. आणि दादा? त्याने अडीच तास दात आवळून सोसलं ते काय म्हणून? मी जाऊन बोललो तर तो माझं तोंड बघायचा नाही."

"तू नको सांगू," ती म्हणाली. "मी सांगते."

डॉक्टरबाईंच्या खोलीच्या दारातच मुकादम उभे होते. त्यांना तिचा चेहरा बघूनच कळलं असावं. त्यांनी आवाज खाली आणला. "मास्तरीणबाई, घाई करू नका. सूज आहे, उतरेल. एकदा कागदावर चढलं की उतरत नाही."

"दारातून बाजूला व्हा."

"आजपर्यंत तुम्हीच तर..."

"हो, मीच. म्हणून म्हणते, बाजूला व्हा."

तिने डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. वजन, वेळ, कुठून कुठपर्यंत दाब होता, सगळं. वर्गात गणित सोडवून दाखवावं तसं पायरीपायरीने. डॉक्टरबाईंच्या हातातलं पेन मध्येच थांबलं.

"अडीच तास?"

"हो."

"आणि जिना?"

"जिना नाही. आमच्या घराला जिनाच नाही. ते मी सांगितलं."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "स्नायू इतका वेळ दाबले गेले की त्यात विष साचतं," त्या म्हणाल्या. "दाब निघाला की ते रक्तात उतरतं. तेव्हापासून भरपूर सलाईन द्यायचं असतं. मी दिलं नाही. आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलं, ते किडनीला वाईट. दोनदा दिलं." त्यांनी टेबलावरचा केसपेपर जवळ ओढला, जिन्याच्या ओळीवर रेघ मारली आणि फोन उचलला.

पुढचा दीड तास मास्तरणीला नीट आठवत नाही. सलाईनच्या दोन बाटल्या चालू झाल्या. मोठ्या इस्पितळाने आधी नाही म्हटलं, मग थांबा म्हटलं, मग या म्हटलं. रुग्णवाहिका बाहेर गेलेली होती, तिची वाट बघावी लागली. आई दर थोड्या वेळाने विचारत होती, "पण चाललंय कुठे? सूजच आहे ना?" आणि कुणी उत्तर दिलं नाही की पदराने बाबांच्या कपाळावरचा घाम टिपत होती. रुग्णवाहिकेत बाबांची छाती मध्येच धडधडायची, मध्येच ठोका चुकायचा. मास्तरीण बाटली धरून वाकून उभी होती. तिने आयुष्यात पुष्कळ पुस्तकं वाचली होती, माणसं शेवटी काय बोलतात ते त्यांत पानंपानं होतं. बाबा बोलले ते एवढंच, की गाडी वळणावर फार झुकते, माल नीट लावलेला दिसत नाही.

मशीनवर दोन दिवस गेले. रक्त नळीतून बाहेर यायचं, फिरून आत जायचं. काचेतून एकच दिसायचं, चादरीखाली फुगलेले पाय. यार्डातला फलाट बंद झाला होता. काका सोडून टोळीतलं कुणी फिरकलं नाही. मुकादमही नाही. त्यांचा राग तिला आला नाही. आठ चुली बंद पाडून आलेल्या बाईला भेटायला कोण येणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना जाग आली. मास्तरीण आणि काकाला आत सोडलं. बाबांचे डोळे सुजले होते, पण नजर ठिकाणावर होती. त्यांनी आधी काकाला शोधलं.

"गाडी गेली?"

"गेली, दादा."

"वेळेवर?"

"हो."

"आज कुठली लागलीय?"

काका सलाईनच्या बाटलीकडे बघू लागला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. तीस वर्षं थर लावणारा माणूस, कुठली फळी वाकतेय ते त्याला आवाजावरून कळायचं.

"फलाट बंद केला? कोण बोललं?"

मास्तरणीच्या जिभेवर वाक्य होतं, दोनच शब्दांचं. तेवढ्यात काकाने पलंगाच्या आडून तिचं मनगट पकडलं. पट्ट्या बांधलेल्या बोटांनी इतकं घट्ट, की तिला कळ आली.

"मी बोललो," काका म्हणाला. "डॉक्टरांनी विचारलं आणि निघून गेलं तोंडातून."

बाबांनी डोळे मिटले. "गाढवा," ते म्हणाले. "लहानपणापासून तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आठ माणसं उपाशी बसवलीस." दम लागला म्हणून थांबले. मग डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. "आणि मास्तरीण, तू होतीस ना तिथे? तुला याला आवरता आलं नाही?"

मनगटावरची पकड सुटली नव्हती.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "नाही आवरता आलं."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. नर्सने दोघांना बाहेर काढलं.

बाहेर बाकावर ती काकाला म्हणाली, "का केलंस असं?"

"तुझ्यावर चिडून त्याला झोप आली नसती," काका म्हणाला. "माझ्यावर चिडायची त्याला सवय आहे."

उद्या सकाळी सांगू, असं तिने ठरवलं. थोडी ताकद येऊ दे, मग सांगू की काका नाही, मी. सांगू की अकरा वाजताही मीच बोलले होते, आणि ते जास्त महाग पडलं. वाक्यं जुळवत ती बसून राहिली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांसाठी वाक्यं जुळवली होती, ती कशी झटक्यात यायची. ही येईनात.

सकाळी सातच्या आत बाबांचं हृदय बंद पडलं. आईने फक्त विचारलं, "मशीन चालू होतं ना?" चालू होतं. नर्स म्हणाली, मशीन अजूनही चालूच आहे, बंद करायचं आहे.

कागद लिहून घेणारा हवालदार दहाला आला. गृहस्थ सभ्य होता. त्याने आईला बाकावर बसू दिलं, स्वतः उभाच राहिला, आणि फाइलमधून पहिल्या दवाखान्याचा केसपेपर काढला. जिन्याची ओळ, तिच्यावरची रेघ, खाली तिची सही.

"यात दोन-दोन गोष्टी दिसतात, बाई," तो म्हणाला. "कुठे झालं?"

"कामावर. ट्रक भरताना."

"मग हे आधीचं?"

"ते खोटं आहे. ते मी सांगितलं होतं. तसंच लिहा, की मुलीने सांगितलं."

तो लिहू लागला. तिने क्रमाने सांगितलं, गल्ली, फळी, दोन्हीकडच्या पेट्या, हातोहात काढणारे आठ जण. त्यांची नावं त्याने विचारली. ती तिने सांगितली नाहीत.

"किती वेळ खाली होते?"

"अडीच तास."

"अडीच नाही," काका म्हणाला. तो इतका वेळ खिडकीशी पाठमोरा उभा होता. तो वळला आणि हवालदारासमोर येऊन उभा राहिला. "दोन तास चाळीस मिनिटं. पेट्या दोनशे सहा. मी मोजल्या. आणि आठ जणांत पहिलं नाव माझं लिहा."